एक बटण, पाच शटर: यूएसबी रिमोटने कॅमेरे एकत्र चालवण्याची पद्धत

पाच कॅमेरे खरोखर लागणार आहेत का, हे आधी ठरवा. बलसाण्याची मंदिरे किंवा लळिंगचा किल्ला जागचा हलत नाही. अशा वास्तूचे त्रिमिती मॉडेल करायचे असेल तर एकच कॅमेरा घेऊन भोवती फिरा आणि प्रत्येक फोटोत आधीच्या फोटोचा ७० ते ८० टक्के भाग येऊ द्या. तेवढ्याने काम होते. सगळी शटर एकाच क्षणी उघडावी लागतात ती वस्तू हलती असली की. रावेर-यावलच्या बागेत वाऱ्यावर डोलणारा केळीचा घड, सारंगखेड्याच्या यात्रेतला नाचरा घोडा, काठी गावच्या होळीतले नर्तक हे सगळे आपण दुसऱ्या बाजूला पोहोचेपर्यंत बदललेले असतात.

जुळणी किती नेमकी हवी याचा हिशेब सोपा आहे. सेकंदाला १ मीटर वेगाने हलणारी वस्तू १ मिलिसेकंदात १ मिलिमीटर सरकते. १० मेगापिक्सेलच्या साध्या कॉम्पॅक्ट कॅमेऱ्याचा फोटो ३६४८ पिक्सेल रुंद असतो. लेन्स पूर्ण वाइड ठेवून ३ मीटरवरून फोटो काढला तर एका पिक्सेलमध्ये वस्तूचा साधारण १ मिलिमीटर भाग येतो. म्हणजे मध्यम वाऱ्यातल्या केळीच्या पानासाठी दोन कॅमेऱ्यांत १ मिलिसेकंदाचा फरक पडला तर मॉडेलमध्ये पिक्सेलभराची चूक होते, आणि ती चालते. चौखूर उधळलेला घोडा सेकंदाला १५ मीटर गेला तर त्याच १ मिलिसेकंदात १५ मिलिमीटर पुढे जातो, आणि त्याचा पुढे झेपावणारा खूर तर अंगापेक्षाही जास्त वेगात असतो. आपल्या विषयाचा वेग आधी अंदाजे लिहून ठेवा, म्हणजे पुढे चाचणीत आलेला आकडा पुरेसा आहे की नाही हे कळेल.

संगणकावरून हुकूम का सोडू नये

पाच कॅमेरे हबला जोडायचे, हब लॅपटॉपला जोडायचा आणि सॉफ्टवेअरमधून ‘फोटो काढ’ असा हुकूम द्यायचा, हा मार्ग सगळ्यांना आधी सुचतो. जुळणीसाठी तो कुचकामी आहे. डेटाच्या तारेवरून जाणारा हुकूम कॅमेऱ्यांना एकामागून एक मिळतो. शिवाय हुकूम मिळाल्यावर प्रत्येक कॅमेरा आपापला फोकस, उजेडाचे माप, व्हाइट बॅलन्स उरकतो आणि मग शटर उघडतो. या तयारीला लागणारा वेळ दर वेळी वेगळा असतो. फरक दहा-वीस मिलिसेकंदांपासून काही शे मिलिसेकंदांपर्यंत जाऊ शकतो.

इथे सांगितलेली पद्धत डेटाच्या तारांना हातच लावत नाही. यूएसबी केबलमध्ये ५ व्होल्टची जी वीजतार असते, तिचाच इशारा म्हणून उपयोग होतो. तारेवर व्होल्टेज चढले की कॅमेऱ्याने सगळी तयारी उरकून शटरच्या उंबरठ्यावर थांबायचे आणि व्होल्टेज उतरले की शटर सोडायचे. दहा मीटर तारेतून विजेचा इशारा जायला सेकंदाचा एक कोट्यंशही लागत नाही. तेव्हा उशीर तारेत होत नाही, कॅमेऱ्याच्या आत होतो. पुढची जवळजवळ सगळी कामे त्या आतल्या उशिराला आधीच मोकळे करण्यासाठी आहेत.

हे जमते ते सीएचडीके नावाच्या मोफत प्रणालीमुळे. ती कॅननच्या पॉवरशॉट कॉम्पॅक्ट कॅमेऱ्यांसाठी आहे. एसडी कार्डावरून चालते आणि कॅमेऱ्याची मूळ प्रणाली कायमची बदलत नाही. कार्ड काढले की कॅमेरा पूर्वीसारखा. प्रत्येक मॉडेलसाठी आणि त्या मॉडेलच्या प्रत्येक फर्मवेअर (कॅमेऱ्यातली मूळ प्रणाली) आवृत्तीसाठी सीएचडीकेची वेगळी प्रत असते. म्हणून जुने कॅमेरे विकत घेताना पाचही एकाच मॉडेलचे आणि शक्यतो एकाच फर्मवेअरचे घ्या. वेगवेगळी मॉडेल मिसळली की प्रत्येकाचा आतला उशीर वेगळा येतो आणि तो मारताना जीव मेटाकुटीला येतो. सीएचडीकेच्या यादीत मॉडेलचे नाव आहे याची खात्री करून मगच पैसे द्या.

सामान

पाच कॅमेऱ्यांसाठी एवढे लागते:

- एकाच मॉडेलचे ५ कॅमेरे, चार्ज केलेल्या बॅटऱ्या आणि तितक्याच जादा बॅटऱ्या
- एकाच कंपनीची, एकाच वेगाची ५ एसडी कार्डे, ४ जीबी किंवा त्याहून लहान
- ५ मिनी-बी यूएसबी केबल
- लिव्हर असलेला १ मायक्रोस्विच, तीन पायांचा
- ३ पेन्सिल सेलचा होल्डर आणि ३ अल्कलाइन सेल
- १० ओहम, १ किलोओहम आणि १० किलोओहमचा एकेक रेझिस्टर, १ लाल एलईडी, ५०० मिलिअँपिअरचा १ पॉलिफ्यूज (जास्त वीज वाहिली की अडवणारा आणि नंतर आपोआप पूर्ववत होणारा फ्यूज)
- स्क्रूवाली टर्मिनल पट्टी, १० मीटर लॅन केबल, हीट श्रिंक नळी
- मल्टिमीटर आणि सोल्डरिंगचे साहित्य

मिनी-बी केबल आता नव्या मोबाइलला लागत नाहीत, त्यामुळे दुकानात समोर मांडलेल्या दिसणार नाहीत. जळगावच्या गोलाणी मार्केटसारख्या ठिकाणी मोबाइल दुरुस्तीवाल्यांकडे जुन्या केबलच्या पेटीत विचारा. मायक्रोस्विच इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात मिळतो. त्याच्या पायांवर ‘कॉमन’, ‘एनओ’ आणि ‘एनसी’ अशा खुणा असतात. ‘कॉमन’ पाय एरवी ‘एनसी’ला जोडलेला असतो आणि बटण दाबले की ‘एनओ’ला जोडला जातो. दोनच पायांचा साधा पुश बटण स्विच घेऊ नका. कारण पुढे येईल.

सेलऐवजी पॉवर बँक वापरायचा मोह आवरा. कॅमेरा या तारेतून जवळजवळ वीजच ओढत नाही. त्यामुळे बहुतेक पॉवर बँकांना काही जोडलेलेच नाही असे वाटते आणि त्या काही सेकंदांनी आपोआप बंद होतात. पॉवर बँक बंद झाली की व्होल्टेज उतरते आणि कॅमेऱ्यांना तोच फोटोचा इशारा वाटतो. तीन अल्कलाइन सेल नवे असताना ४.८ व्होल्टच्या आसपास देतात आणि बरेच दिवस पुरतात. चार नवे अल्कलाइन सेल लावाल तर व्होल्टेज ६ च्या वर जाईल. यूएसबीची मर्यादा साडेपाचच्या आत आहे, तेव्हा तसे करू नका.

जोडणी

केबलचे मिनी-बी टोक ठेवा आणि दुसरे टोक कापा. आत चार तारा दिसतील. लाल धन, काळी ऋण, पांढरी आणि हिरवी डेटाची. पांढरी आणि हिरवी वेगवेगळ्या उंचीवर कापून हीट श्रिंकने बंद करा, म्हणजे त्या एकमेकींना किंवा दुसऱ्या कशाला टेकणार नाहीत. स्वस्त केबलमध्ये रंगांवर विश्वास ठेवू नका. मल्टिमीटर सातत्य चाचणीवर ठेवून मिनी-बीच्या पिन तपासा. पाचपैकी १ क्रमांकाची पिन धन आणि ५ क्रमांकाची ऋण असते. धन-ऋण उलटे झाले तर कॅमेऱ्याचे पोर्ट जळू शकते, आणि तो धोका एका वेळी पाच कॅमेऱ्यांना असतो.

आता मुख्य भाग. सेलच्या होल्डरची धन तार पॉलिफ्यूजमधून मायक्रोस्विचच्या ‘एनओ’ पायाला जोडा. ‘एनसी’ पायापासून १० ओहमचा रेझिस्टर घेऊन तो सेलच्या ऋण टोकाला जोडा. ‘कॉमन’ पायापासून निघालेली तार ही पाचही कॅमेऱ्यांची धन तार, आणि सेलचे ऋण टोक ही पाचही कॅमेऱ्यांची ऋण तार. या दोन तारा टर्मिनल पट्टीवर आणा आणि तिथून पाच फांद्या काढा. ‘कॉमन’ आणि ऋण यांच्यामध्ये १० किलोओहमचा रेझिस्टर लावा. तिथेच १ किलोओहमच्या रेझिस्टरसह एलईडी लावा. बटण दाबले की एलईडी लागतो, सोडले की विझतो, आणि शेतात एवढी खूण फार कामाची असते.

तीन पायांचा स्विच एवढा आग्रहाने का? साधे बटण सोडल्यावर तार नुसती तुटते. तारेतले व्होल्टेज तिथेच लोंबकळत राहते, कारण कॅमेऱ्याच्या आत छोटे कपॅसिटर असतात आणि ते सावकाश रिकामे होतात. व्होल्टेज किती खाली आले की ‘वीज गेली’ समजायचे, ही पातळी प्रत्येक कॅमेऱ्यात थोडी निराळी असते. उतार जितका सावकाश, तितका या फरकाचा वेळेत मोठा परिणाम होतो. मायक्रोस्विच सोडला की ‘कॉमन’ थेट ऋण तारेला टेकतो, व्होल्टेज एकदम कोसळते आणि पातळीतल्या फरकाला वावच उरत नाही. दुसरा फायदा म्हणजे स्विचचा पाय टेकताना काही क्षण थरथरतो, पण या जोडणीत ती थरथर ऋण आणि मोकळा यांच्यातच होते. व्होल्टेज पुन्हा वर चढत नाही आणि कॅमेऱ्याला दोन इशारे मिळत नाहीत. काही जण प्रत्येक फांदीत सुरक्षेसाठी डायोड घालतात. डायोडमुळे कॅमेऱ्यातले व्होल्टेज परत उतरायचा रस्ता बंद होतो आणि वरची सगळी मेहनत वाया जाते. सुरक्षेसाठी पॉलिफ्यूज पुरतो.

यूएसबी हबचा वाटणीसाठी वापर करता येतो, कारण साधे हब वीजतार सरळ पुढे देतात. पण हबच्या आत बऱ्याचदा मोठा कपॅसिटर असतो आणि काही हबमध्ये पोर्टनिहाय वीज तोडणारे सर्किट असते. टर्मिनल पट्टी स्वस्त आहे आणि तिच्यात असे काही लपलेले नसते.

कॅमेरे लावण्याआधी प्रत्येक फांदीच्या टोकाला मल्टिमीटर धरा. बटण दाबून ४.५ ते ४.९ व्होल्ट, सोडून शून्य. पाचही टोकांना हेच आले तरच कॅमेरे जोडा.

कार्ड आणि मेनू

कार्ड तयार करताना स्टिक नावाचे जावावर चालणारे छोटे सॉफ्टवेअर वापरा. त्याला त्या कॅमेऱ्याने काढलेला एक मूळ फोटो दाखवला की ते मॉडेल आणि फर्मवेअर ओळखून योग्य प्रत कार्डावर टाकते. ४ जीबीपर्यंतचे कार्ड घ्यायला सांगितले ते यासाठी की जुने पॉवरशॉट फॅट-१६ पद्धतीच्या कार्डावरूनच आपोआप सुरू होतात, आणि मोठ्या कार्डाला त्यासाठी दोन भाग करावे लागतात. कार्ड तयार झाले की त्याच्या बाजूची लॉकची पट्टी लॉकवर सरकवा. लॉक असलेले कार्ड पाहूनच कॅमेरा सीएचडीके चालू करतो, आणि फोटो लिहिण्यात अडचण येत नाही.

कॅमेरा चालू केल्यावर सीएचडीकेचे चिन्ह क्षणभर दिसते. मॉडेलप्रमाणे प्रिंट किंवा प्लेबॅकचे बटण दाबून आल्ट मोडमध्ये (सीएचडीकेच्या स्वतःच्या मोडमध्ये) जा, मग मेनू दाबा. सीएचडीके सेटिंग्जमध्ये रिमोट पॅरामीटर्स हा भाग उघडा. एनेबल रिमोट चालू करा. स्विच टाइप वनपुश, कंट्रोल मोड नॉर्मल. आणि त्याच पानावरचा सिंकचा, म्हणजे शटर एकत्र जुळवण्याचा, पर्याय चालू करा.

हा शेवटचा पर्याय राहिला तर बाकी सगळे बरोबर असूनही जुळणी होत नाही. सिंक बंद असताना कॅमेरा यूएसबीची वीज बटणांबरोबरच तपासतो, म्हणजे साधारण दर १० मिलिसेकंदांनी एकदा. पाच कॅमेऱ्यांच्या तपासणीच्या वेळा एकमेकांशी जुळलेल्या नसतात, त्यामुळे तेवढा फरक हमखास पडतो. सिंक चालू असला की कॅमेरा शटरच्या अगदी अलीकडच्या टप्प्यावर थांबून अखंड त्या एकाच तारेकडे पाहत राहतो.

एका कॅमेऱ्यावर सगळे लावून झाले की त्या कार्डावरच्या सीएचडीके फोल्डरमधली सेटिंगची फाइल, जिच्या नावाच्या शेवटी ‘सीएफजी’ असते ती, संगणकावर घेऊन उरलेल्या चार कार्डांवर टाका. हाताने पाच वेळा मेनू भरण्यापेक्षा हे खात्रीचे. कार्ड परत घालण्याआधी लॉकची पट्टी पाहा. कार्डाची काढ-घाल झाली की ती हमखास सरकते.

एक लक्षात असू द्या. शूटिंगच्या वेळी आल्ट मोडमधून बाहेर आलेले असले पाहिजे. त्या मोडमध्ये हाच वीज-इशारा स्क्रिप्ट (कार्डावरचा छोटा प्रोग्राम) सुरू करण्यासाठी वापरला जातो, फोटोसाठी नाही.

कॅमेऱ्याची स्वतःची बुद्धी बंद करा

जे जे आपोआप होते ते बंद करायचे. फोकस मॅन्युअल, पाचही कॅमेऱ्यांवर एकाच अंतरावर. एक्स्पोजर मॅन्युअल. आयएसओ ठरावीक. व्हाइट बॅलन्स ढगाळ किंवा ऊन यांपैकी एकच, ऑटो नाही. फ्लॅश, फोकससाठीचा दिवा, चेहरा ओळख, डिजिटल झूम, फोटोनंतरचा रिव्ह्यू हे सगळे बंद. हाताची थरथर भरून काढणारे स्टॅबिलायझेशन बंद, कारण कॅमेरे स्टँडवर आहेत आणि स्टॅबिलायझेशनमुळे लेन्सचा भाग प्रत्येक कॅमेऱ्यात वेगळ्या जागी जाऊन बसतो. मॉडेल करताना ते बाधते. काही वेळाने आपोआप बंद होण्याची सोयही बंद. झूम पूर्ण वाइड, कारण कॉम्पॅक्टच्या झूमच्या मधल्या पायऱ्या दोन कॅमेऱ्यांत तंतोतंत सारख्या येत नाहीत.

कॅमेऱ्यात मॅन्युअल फोकस किंवा शटर नसेल तर सीएचडीकेच्या ओव्हरराइडमधून (कॅमेऱ्याऐवजी आपले आकडे लादणाऱ्या मेनूतून) शटर, आयएसओ आणि अंतर तिन्ही बांधून ठेवता येतात.

केळीच्या घडासाठी १/५०० आणि घोड्यासाठी १/१००० शटरपासून सुरुवात करा. जुळणी कितीही चांगली असली तरी लांब शटरमध्ये वस्तू पुसटच दिसते.

उभारणी

त्रिमिती मॉडेलसाठी शेजारच्या दोन कॅमेऱ्यांच्या दिशांत १० ते २० अंशांचा कोन ठेवा. ३ मीटरवर १५ अंश म्हणजे दोन कॅमेऱ्यांत साधारण ७८ सेंटिमीटर अंतर. पाच कॅमेऱ्यांची कमान ६० अंश व्यापते आणि टोकापासून टोकापर्यंत ३ मीटरच्या थोडी वर जाते. केळीच्या दोन ओळींतल्या मोकळ्या जागेत ती नेहमी मावत नाही, म्हणून बांधाकडेचा घड निवडा. स्टिरिओ जोडीसाठी, म्हणजे डाव्या-उजव्या डोळ्याच्या दोन फोटोंतून खोली दाखवण्यासाठी, दोनच कॅमेरे पुरतात. त्यांच्यातले अंतर सर्वांत जवळच्या वस्तूच्या अंतराचा तिसावा भाग ठेवा. घोडा ६ मीटरवर असेल तर २० सेंटिमीटर.

कॅमेऱ्याच्या तळाचा स्क्रू पाव इंची, इंचाला २० आट्यांचा असतो. हार्डवेअरच्या दुकानात त्याच मापाचा व्हिटवर्थ बोल्ट मिळतो. त्याचेही आटे २० असतात, पण आट्यांचा कोन वेगळा असतो. तो ढिला बसतो किंवा जोर लावल्यास कॅमेऱ्याचे आटे खातो. ‘यूएनसी’ असे सांगून मागा. बोल्ट कॅमेऱ्यात ४ ते ५ मिलिमीटरपेक्षा खोल जाऊ देऊ नका. नाहीतर तळ फुटतो.

प्रत्येक कॅमेऱ्याजवळ केबलला सैल वेटोळे ठेवून ती स्टँडला बांधा. मिनी-बीचे सॉकेट नाजूक असते. केबलच्या ओझ्याने ते हलू लागले की इशारा मध्येच तुटतो आणि तुटणे म्हणजेच कॅमेऱ्याच्या भाषेत फोटो.

फोटो काढताना

बटण दाबा, दोन-तीन सेकंद धरा, मग सोडा. फोटो दाबण्याने नव्हे, सोडण्याने निघतो. ही गोष्ट अंगवळणी पडायला घरी तास-दीड तास सराव करा, कारण सवयीने बोट योग्य क्षणी दाबायला धावते. नाचरा घोडा पुढचे पाय उचलणार हे दिसत असेल तर त्याआधी दोन सेकंद बटण दाबलेले पाहिजे. अगदी लगेच सोडले तर एखादा कॅमेरा अजून तयारीत असतो आणि मागे पडतो. फार वेळ धरूनही ठेवू नका. काही सेकंदांनंतर कॅमेरा वाट पाहणे सोडून देतो. पाच सेकंदांच्या आत सोडायचे, हा नियम सुरक्षित आहे. पुढच्या फोटोआधी सगळ्यांचे लिहिणे संपू द्या. जुन्या कार्डांवर चार-पाच सेकंद लागतात.

जुळणी मोजणे

मोजल्याशिवाय बागेत जाऊ नका. दोन टप्प्यांत मोजा, आधी ढोबळ, मग बारीक.

ढोबळ मापासाठी घरचा कूलर पुरतो. त्याच्या पंख्याची मोटर मिनिटाला साधारण १४०० फेरे घेते, म्हणजे पाते १ मिलिसेकंदात ८ अंशांच्या थोडे वर फिरते. एका पात्यावर पांढरी पट्टी चिकटवा, समोरची जाळी काढा, हात आणि तारा लांब ठेवा आणि पाचही कॅमेरे पंख्यासमोर रांगेत लावून १/१००० शटरने फोटो काढा. पट्टीच्या कोनातला फरक ८ ने भागला की मिलिसेकंद मिळतात. पट्टी ४० अंश पुढे-मागे दिसत असेल तर ५ मिलिसेकंदांचा घोळ आहे, आणि बहुतेक वेळा एखाद्या कॅमेऱ्यावर सिंक बंद राहिलेला असतो.

बारीक मापासाठी जुना डबा टीव्ही शोधा. भंगारवाल्याकडेही चालू स्थितीतला मिळू शकतो. आपल्याकडच्या पाल पद्धतीत टीव्हीचा किरण पडदा वरून खाली रेषा-रेषांनी रंगवतो. एका रेषेला ६४ मायक्रोसेकंद लागतात आणि एका फेरीत सुमारे २८७ रेषा दिसतात, म्हणजे दिसणारा पडदा वरून खाली भरायला १८.४ मिलिसेकंद. १/१००० शटरने फोटो काढला की पूर्ण पडदा उजळ दिसत नाही, फक्त एक आडवा पट्टा दिसतो. पट्ट्याची वरची कड विरत गेलेली असते, खालची कड ठसठशीत असते. पाचही फोटोंत पडद्याच्या वरच्या कडेपासून या खालच्या कडेचे अंतर मोजा. फोटोत पडद्याची उंची ९२० पिक्सेल भरत असेल तर १ पिक्सेल म्हणजे ०.०२ मिलिसेकंद. दोन कॅमेऱ्यांत ५० पिक्सेलचा फरक आला तर तो बरोबर १ मिलिसेकंद. इतक्या स्वस्तात इतके बारीक माप देणारे दुसरे साधन नाही. चपटा एलसीडी टीव्ही मात्र चालत नाही, तो असा रेषा-रेषांनी उजळत नाही. आणि डबा टीव्ही दर २० मिलिसेकंदांनी तोच पट्टा पुन्हा दाखवतो, म्हणून २० च्या वरचा फरक त्यात लपून जातो. पंख्याची चाचणी आधी सांगितली ती याच कारणाने.

एका फोटोवर निकाल देऊ नका. वीस फोटो घ्या आणि प्रत्येक कॅमेऱ्याचा फरक वहीत लिहा. मग दोन प्रकार वेगळे दिसतील. एखादा कॅमेरा दर वेळी ०.६ मिलिसेकंद मागे पडत असेल तर तो ठरावीक उशीर आहे. रिमोट पॅरामीटर्समध्ये सिंक डिले चालू करून उरलेल्या चार कॅमेऱ्यांना ६ हा आकडा द्या, कारण तिथले एकक ०.१ मिलिसेकंद आहे. मागचा पुढे आणता येत नाही, पुढच्यांना थांबवता येते. पण एखादा कॅमेरा कधी पुढे, कधी मागे असा भटकत असेल तर डिलेने काही होणार नाही. त्याची बॅटरी, फोकस आणि स्टॅबिलायझेशन पाहा. तेही ठीक असेल तर हा फरक त्या कॅमेऱ्याच्या सेन्सरच्या स्वतःच्या ठोक्यांमुळे आहे आणि तो स्वीकारावा लागतो. अशा वेळी एका प्रसंगाचे पाच-सात संच घ्या आणि सर्वांत जुळलेला निवडा.

रात्रीच्या कामात एक सोय होते. अंधार पुरेसा असेल तर सगळ्या कॅमेऱ्यांचे शटर १/३० ठेवा आणि एकच फ्लॅश मारा. फ्लॅशचा झोत क्षणार्धाचा असतो, पाचही शटर त्या वेळी उघडी असली की चित्र त्याच एका क्षणाचे येते आणि दोन-तीन मिलिसेकंदांचा फरक दिसतच नाही. होळीच्या ज्वाळेजवळ हे जमत नाही, तिचा स्वतःचा उजेड चित्रात मिसळतो. घोड्यावर फ्लॅश मारू नका. जनावर बुजते, आणि यात्रेच्या गर्दीत बुजलेला घोडा माणसांच्या अंगावर जातो. दिवसा फोटो काढतानाही घोडेमालकाला आधी विचारा, तारा जनावराच्या वाटेपासून लांब ठेवा.

बिघाड कुठे शोधायचा

बटण दाबल्यावर एकही कॅमेरा हलत नाही आणि एलईडी लागतो, तर बहुधा कार्डाचे लॉक सुटले आहे आणि सीएचडीके चालूच झालेले नाही. एकच कॅमेरा गप्प असेल तर त्याची केबल दुसऱ्या कॅमेऱ्याला लावून पाहा. दोष केबलबरोबर गेला तर केबल, नाही गेला तर मेनू. बटण दाबताच कॅमेरा प्लेबॅककडे वळत असेल तर एनेबल रिमोट बंद आहे. उलट, फोटो संगणकावर घेताना कॅमेरा ओळखलाच जात नसेल तर रिमोट चालू राहिला आहे. कार्ड काढून रीडरने घेणे त्यापेक्षा सोपे. बटण दाबल्या-दाबल्याच फोटो निघत असेल तर कंट्रोल मोड नॉर्मलऐवजी क्विक झाला आहे का ते पाहा.

बागेत ठिबकची मोटर सुरू-बंद होताना कॅमेरे आपोआप उडत असतील, तर लांब तारेत विजेचा खोटा धक्का येतो आहे. ‘एनसी’ पायाची जोडणी तुटली असेल तेव्हाच सहसा असे होते. ती पक्की असली की न दाबलेल्या बटणात तार सतत ऋणाला बांधलेली राहते. लॅन केबलमधल्या पिळलेल्या जोडीतली एक तार धन आणि तिचीच जोडीदार ऋण अशी घ्या.

ऊन हा आपल्याकडचा मोठा प्रश्न. या कॅमेऱ्यांची चालण्याची मर्यादा साधारण ४० अंश असते आणि मे महिन्यात जळगाव-भुसावळला पारा त्याच्या बराच वर जातो. काळा कॅमेरा उन्हात आणखी तापतो, फोटोत रंगीत ठिपके वाढतात, बॅटरीही बेभरवशाची होते. पहाटे कामाला लागा आणि नऊच्या आत आटोपा. त्या वेळी वाराही कमी असतो. दुपारी थांबावेच लागले तर कॅमेऱ्यांवर पांढरे सुती कापड टाका. तापीकाठची बारीक रेती लेन्सच्या सरकत्या नळीत शिरली की लेन्स अडकते आणि कॅमेरा लेन्स एरर दाखवतो. म्हणून काम चालू नसताना कॅमेरा बंद करून लेन्स आत जाऊ द्या.

फाइलींचे क्रमांक पहिल्या दिवसापासून नीट ठेवा. कार्ड फॉरमॅट केले तर सीएचडीकेही जाते, म्हणून फक्त फोटो पुसा, क्रमांक पुन्हा सुरुवातीपासून लावा आणि प्रत्येक कॅमेऱ्यावर व त्याच्या कार्डावर एकच अक्षर लिहा, क ते ङ. प्रत्येक संचाच्या आधी पाटीवर संच क्रमांक लिहून तिचा फोटो पाचही कॅमेऱ्यांत घ्या. फोटोत नोंदलेली वेळ फक्त सेकंदापर्यंत असते, त्यामुळे नंतर वेळेवरून जोड्या लावता येत नाहीत. एका कॅमेऱ्याचा एकच फोटो चुकला तर त्याच्यापुढची सगळी गणती एकाने सरकते. संच संपला की पाचही कॅमेऱ्यांवरचा शेवटचा क्रमांक वहीत लिहा. आकडे जुळले नाहीत तर स्टँड हलवण्याआधी तिथेच तो संच पुन्हा घ्या.